मामंजींचा तिसरा गिअर

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. माझ्या भाऊजींचं भरत होतं. ते कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवायचे आणि भाऊजी घराच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून, डोळ्याला भिंग लावून त्यावर दात बसवायचे. खोलीभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले. गावातले अर्धेअधिक म्हातारे भाऊजींच्या दातांनी हसायचे. रस्त्यात कुणी हसून हात केला, तर भाऊजी आधी दात ओळखायचे आणि मग माणूस. "वरची आपली," माझ्या कानाशी म्हणायचे, "खालची दुसऱ्या कुणाची तरी."

असा हा माणूस. अंगानं काडी, आवाज बेताचा, हॉटेलात चहा गार आला तरी तसाच पिणारा. अशा माणसानं गाडी घ्यावी तर चारचौघांसारखी छोटी घ्यावी. पण धरणाच्या सर्वेक्षण खात्यानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा भाऊजी "नुसतं बघून येतो" म्हणून गेले आणि डोंगर चढणारी, चारी चाकांना जोर असलेली, शेवाळी रंगाची एक चौकोनी डिझेल गाडी घेऊन आले. ती दारात उभी राहिली आणि घरातला उजेड कमी झाला.

"एवढी मोठी कशाला?" ताईनं विचारलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊजींची बायको.

"समजा, रस्ता संपला तर?" भाऊजी म्हणाले.

आमच्या गावात रस्ता कुठेही संपत नाही. घरापासून मंडईपर्यंत डांबर आणि मंडईपासून घरापर्यंत तेच डांबर. पण पुढची वीसेक वर्षं भाऊजींनी आल्यागेल्याला हा प्रश्न विचारला. एकालाही उत्तर देता आलं नाही, याचं त्यांना फार समाधान होतं.

ताई लग्न होऊन आली तेव्हा तिचे सासरे हयात नव्हते. ती उणीव गाडीनं भरून काढली. सकाळी उठायला वेळ लावायची, धुराचे लोट सोडत खोकायची, थंडीत तर बराच वेळ नुसता घसा साफ करायची, आणि वर तिला कुणी काही बोलायची सोय नाही. ताईनं नाव ठेवलं मामंजी. तेव्हापासून आमच्याकडे गाडीबद्दल आदरानंच बोलायची पद्धत पडली. "मामंजी उठले का?" "मामंजींनी तेल घेतलं का?" एकदा नवा दूधवाला "मामंजी परवापासून अंगणात पडून आहेत" हे ऐकून घाबरून दूध न घालताच परत गेला होता.

आता मामंजींना चालवायची रीत सांगतो. ती समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

मामंजींचा तिसरा गिअर निसटायचा. टाकला की थड् आवाज करून दांडा मागे यायचा. स्टिअरिंग इतकं जड की भाऊजींचे दोन्ही हात त्यातच गुंतलेले. म्हणून शेजारी बसून तिसरा गिअर दोन्ही हातांनी दाबून धरायचं काम ताईकडे होतं. भाऊजी गिअर टाकून म्हणायचे, "धर." ताई म्हणायची, "धरलाय." गिअर बदलायची वेळ आली की भाऊजी म्हणायचे, "सोड." ताई हात काढून म्हणायची, "सोडला." मगच भाऊजींचा हात दांड्याला लागायचा. या दोघांचं लग्नानंतरचं बहुतेक संभाषण याच चार शब्दांत झालेलं आहे.

हॉर्नचं बटण मेलेलं होतं. त्याच्या दोन वायरी मधल्या सीटपर्यंत आणलेल्या. त्या एकमेकींना टेकवायचं काम माझ्या भाचीचं. त्यामुळे आमचा हॉर्न भाऊजींच्या गरजेनुसार नाही, भाचीच्या मनाप्रमाणे वाजायचा. तिच्या गणिताच्या बाई फुटपाथवरून चालल्या असल्या तरी वाजायचा. पावसाळ्यात तिच्याकडे वायपरही असत. दोन्ही वायपरांना सुतळी बांधून टोकं खिडक्यांतून आत घेतलेली. डावीकडे ओढ, उजवीकडे ओढ.

आणि मागचं दार माझ्याकडे. त्याची कडी कधीच लागत नसे. मी मागच्या आडव्या बाकावर बसून दाराला बांधलेली दोरी हाताला गुंडाळून धरायचो. तोंड मागे. पुढे काय येतंय हे मला कधी दिसलं नाही, जे दिसलं ते सगळं गेलेलं. मी टपाल कचेरीत शिक्के मारणारा माणूस, वरच्या मजल्यावर एकटा राहतो. रविवारी सकाळी मला झोपू द्यावं एवढीच माझी अपेक्षा. पण चौघं भरल्याशिवाय मामंजी हलत नसत, त्यामुळे दर रविवारी खालून हाक यायचीच. "मेहुणे, दोरी!" मेहुण्यांना हे हाक मारतात की दोरीला, हेही मला कधी कळलं नाही.

"एकदाची दुरुस्त का करून घेत नाही?" मी हजारदा विचारलं असेल.

"मूळ गाडीला परक्यानं हात लावला की बिघडते," हे उत्तर. स्वतः मात्र मनसोक्त हात लावायचे. डॅशबोर्डला तडा गेला, तो त्यांनी कवळीच्या हिरड्यांसाठी लागणाऱ्या गुलाबी मसाल्यानं बुजवला. आरशाची दांडी तुटली, ती गुलाबी. काचेचं हँडल गुलाबी. समोर बसलं की कुणीतरी आ करून आपल्याकडे बघतंय असं वाटायचं.

आणि मोठ्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा. तो चारी चाकांचा. त्याची मूठ हरवली होती, म्हणून भाऊजींनी त्यावर लिंबाएवढी एक दाढ घडवून बसवली होती, मुळांसकट. त्या दाढेला हात लावायची कुणालाही परवानगी नव्हती. भाऊजी स्वतःही लावत नसत. दर रविवारी खाली तेल घालायचे, दाढ ब्रशनं घासायचे, आणि "ते संकटासाठी आहे" म्हणायचे. वीस वर्षांत संकट आलं नाही. संकटालाही तोंड दाखवायची भीती वाटत असावी.

एवढं असूनही एक कबूल करायला हवं. त्या सीटवर चढून बसले की भाऊजी निराळे दिसायचे. पाठ ताठ व्हायची. "बघ, बॉनेटचे दोन्ही कोपरे दिसतात," म्हणायचे. "आताच्या गाड्यांचं नाक कुठे संपतं ते त्यांचं त्यांनाही माहीत नसतं." दार लावताना थांबून आवाज ऐकायचे. एकदा मी फारच कुरकुर केली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो. आठवड्यातून एकदा तरी लांबचं बघू द्या मला." मी दोरी धरली.

मग जुन्या गाड्यांचा नियम आला. अमुक वयाच्या वरच्या गाड्यांची तपासणी होणार, पास झाली तर चालवा, नापास झाली तर भंगारात देऊन दाबून टाकणार. शेवटचं वाचून भाऊजींनी भिंग खाली ठेवलं. कारण तपासणी करणारा माणूस गाडी एकटा चालवणार होता. आत दुसरं कुणी बसायचं नाही, असा नियमच होता.

"एकटा?" ताई म्हणाली. "मग गिअर कोण धरणार त्याचा?"

मला आतून, खोटं कशाला बोलू, उकळ्या फुटत होत्या. सुंठीवाचून खोकला जाणार होता. पण भाऊजींची दशा बघवेना. जेवताना घास हातातच राहायचा. त्याच आठवड्यात त्यांनी एका निवृत्त मुख्याध्यापकांना दोन्ही कवळ्या वरच्याच करून दिल्या. मुख्याध्यापक तक्रार करायला आले, पण ते काय म्हणत होते ते कुणालाच कळलं नाही.

शेवटी नाइलाजानं मामंजींना परक्याचा हात लागला. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मेकॅनिक वीस वर्षं या दिवसाची वाट बघत होता. तो अंगणात आला, पायाखालची चटई उचलली, एक झाकण काढलं आणि ताईला म्हणाला, "या, बघा. हा बोल्ट काढला की खाली एक स्प्रिंग. तिच्या खाली छर्रा. स्प्रिंग मेली की गिअर निसटतो." त्यानं जुनी स्प्रिंग काढून नवी टाकली आणि बोल्ट आवळला. "झालं."

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"तिसरा गिअर."

"एवढंच?"

"एवढंच. चहा टाकला असता तर उकळायच्या आत झालं असतं."

ताई भाऊजींकडे वळली. एवढीशी करंगळीच्या पेराएवढी स्प्रिंग! तिच्यापायी मी वीस वर्षं हाताला घट्टे पाडून घेतले! पोरीच्या वेळी सातव्या महिन्यातसुद्धा मी हा दांडा धरून बसले होते! असं ती बराच वेळ बोलत राहिली. भाऊजी खाली मान घालून दाढेवरची धूळ पुसत होते. मेकॅनिकनं तेवढ्यात हॉर्नचं बटण बदललं, वायपरची मोटर बदलली आणि माझ्या दाराला नवी कडी बसवली. दोरी सोडून त्यानं माझ्या हातात दिली.

तपासणीच्या दिवशी आम्ही चौघंही गेलो. जाताना ताईनं तिसरा धरलाच होता. "माझा नाही त्या स्प्रिंगवर विश्वास," म्हणाली. मीही दार लागलेलं असताना दोरी बरोबर घेतली होती. असू द्यावी.

तपासणीचं आवार म्हणजे एक मोठं मोकळं मैदान, मध्ये गोल रस्ता, कडेला मातीचा एक उंचवटा. तपासनीस एक बाई होत्या. जाड चष्मा, हातात फळी, फळीला कागद अडकवलेला. त्यांनी आत डोकावून बघितलं.

"हे काय आहे?"

"दाढ," भाऊजी म्हणाले.

"कशाची?"

"चारी चाकांची."

बाईंनी कागदाकडे बघितलं, मग पुन्हा दाढेकडे, आणि काही न लिहिता आत चढल्या. मामंजी निघाले. आम्ही चौघं कडेला एका ओळीत उभे. गाडीनं तिसरा टाकल्याचा आवाज आला तेव्हा मी सहज बाजूला बघितलं, तर ताईच्या दोन्ही मुठी हवेत आवळलेल्या. भाची दोन बोटं एकमेकांना टेकवून उभी. आणि मी स्वतः मागे रेललो होतो. रांगेतला एक टेम्पोवाला आमच्याकडे बघून स्वतःच्या टेम्पोत जाऊन बसला.

बाई मातीच्या उंचवट्यापाशी थांबल्या आणि त्यांनी दाढ ओढली. भाऊजींनी माझं मनगट धरलं. चारी चाकांनी माती पकडली आणि मामंजी तो उंचवटा असे चढून गेले की जणू जन्मभर दुसरं काही केलंच नाही. पलीकडे उतरले आणि थांबले. खोकलेसुद्धा नाहीत. भाऊजींचे डोळे भरून आले.

"छान चढले ना?" मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "पण पहिल्यांदा परक्या बाईनं चढवलं."

बाई उतरल्या. "आता मालकानं एक फेरी मारा. एकट्यानं. मला धूर आणि दिवे बाहेरून बघायचे आहेत."

लिलावातून आणल्यापासून पहिल्यांदा भाऊजी मामंजींत एकटे बसले. पहिला, दुसरा, तिसरा. एक फेरी झाली. बाईंनी थांबायचा हात केला. भाऊजी आमच्यासमोरून तसेच पुढे गेले. दुसरी फेरी. बाईंनी शिट्टी वाजवली. भाऊजी पुन्हा पुढे गेले. चेहरा पांढराफटक आणि ओठ हलत होते.

"ब्रेक गेले का?" बाई ओरडल्या. टेम्पोवाल्यानं टेम्पो मागे घेतला. आवारातला पहारेकरी लाल फडकं घेऊन धावला.

ताई कपाळावर हात मारून म्हणाली, "ब्रेकला काही झालेलं नाही हो. ते मला 'सोड' म्हणतायत!"

तेच होतं. वीस वर्षांत या माणसानं "सोडला" ऐकल्याशिवाय तिसरा काढलेला नव्हता. दांड्यावर कुणाचाही हात नव्हता, तरी ते रिकाम्या सीटला सांगत होते, सोड, सोड, आणि सीट काही सोडत नव्हती. पुढच्या फेरीला ताई पदर खोचून रस्त्याच्या कडेला गेली, दोन्ही हात डोक्यावर उंच केले आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "सोडलाऽऽ!"

भाऊजींनी गिअर काढला. मामंजी बरोबर बाईंच्या पुढ्यात येऊन थांबले.

बाईंनी बराच वेळ कागद वाचला. "गाडीत काही दोष नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "दोष माणसांत आहे. पण त्याला माझ्या कागदावर रकाना नाही." आणि त्यांनी शिक्का मारला. शिक्का चांगला मारला होता, एवढं मला कळतं.

मामंजी वाचले. आनंदीआनंद व्हायला हवा होता. परत येताना गाडी गुपचूप चालली. ताईनं धरून बघितलं, पण दांडा जागचा हलेना. मग तिनं हात मांडीवर ठेवले, मग काखेत घातले, मग पर्समध्ये उगाच काहीतरी शोधलं. हातांना जागाच सापडेना. भाची मोबाइल बघत होती. मी पहिल्यांदा पुढे तोंड करून बसलो आणि मला गाडी लागली.

पुढच्या रविवारी भाऊजींनी खालून हाक मारली. भाचीला अभ्यास होता. मी पांघरुणातूनच म्हटलं, "आता कशाला मी? कडी आहे की." ताई पाण्याचं पिंप घासत होती. "तुम्हीच जाऊन या," म्हणाली. "आता काय, तुमचे मामंजी एकटे चालतात."

भाऊजी गेले. मी खिडकीतून बघितलं. इंजिन एका किल्लीत सुरू झालं. गाडी कोपऱ्यावर वळली आणि जरा वेळानं, मंडईपर्यंत जाऊन येणं शक्यच नाही इतक्या लवकर, परत आली. भाऊजी उतरले, दार लावलं. आवाज ऐकायला थांबले नाहीत.

"काय हो, एवढ्यात?" ताईनं विचारलं.

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "रस्ता संपला."

आणि आत जाऊन भिंग लावून बसले. रविवारी. त्या दिवशी दिवसभर मला काही सुचलं नाही. ताईनं त्या संध्याकाळी भांडी अशी आपटली की फळीवरचा एक जबडा खाली पडून फुटला.

त्यानंतरच्या शनिवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन अंगणात गेलो आणि मागच्या दाराची नवी कडी काढून खिशात टाकली. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. दोरी चांगली होती, नुसती पडून वाया चालली होती, एवढंच.

रविवारी भाऊजी गाडी पुसायला गेले आणि जरा वेळानं त्यांचा आवाज आला. "मामंजींचं मागचं दार राहत नाहीये."

"जुनं झालंय, चालायचंच," म्हणत मी दोरी घेऊन उतरलो. बघतो तर भाची आधीच मधल्या सीटवर बसलेली. अभ्यास म्हणे अचानक संपला होता, आणि हॉर्नच्या दोन वायरी कशा कोण जाणे तिच्या हातात आल्या होत्या. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्या फुगलेल्या खिशाकडे बघितलं. आम्ही दोघंही हवापाण्याबद्दल बोललो.

ताई सगळ्यांच्या शेवटी आली. हात पदराखाली.

निघालो. पहिला, दुसरा. भाऊजींनी तिसरा टाकला आणि थड्! दांडा मागे आला. पण तो पुरता निसटायच्या आत ताईचे दोन्ही हात त्याच्यावर होते. मी दोरीवरून मान वळवून बघितलं. ताईची बोटं पेरापेरापर्यंत ग्रीसनं काळी झाली होती. चिकूचा चीक बोटाला लागला तरी तीनदा हात धुणारी ही बाई.

भाऊजींनीही ते हात बघितले. समोरचा रस्ता सोडून बघितले, आणि त्यांनी रस्ता कधी सोडलेला मला आठवत नाही. भाचीनं उगाचच हॉर्न वाजवला.

"धर," भाऊजी म्हणाले.

"धरलाय," ताई म्हणाली.

मंडईचा गोल चौक आला. तिथं गाडी हळू करून घराकडे वळायचं, ही आमची नेहमीची रीत. भाऊजी म्हणाले, "सोड."

ताई काही बोलली नाही. हातही काढला नाही. सोडल्याशिवाय गिअर नाही आणि गिअर बदलल्याशिवाय वळण नाही, म्हणून मामंजींनी चौकाला एक फेरा घातला.

"सोड म्हटलं."

"ऐकलं मी," ताई म्हणाली आणि समोर बघत राहिली.

दुसरा फेरा सुरू झाला. पाठ ताठ करून, लांब कुठेतरी बघत, भाऊजी स्टिअरिंग वळवत राहिले. चौकातला सायकलवाला पंक्चर अर्धवट टाकून दुकानाबाहेर आला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "काय झालं हो? काही अडलंय का?"

भाऊजींनी गुलाबी हँडल फिरवून काच खाली घेतली. भाऊजींचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"काही नाही," ते ओरडले. "रस्ता संपत नाहीये!"

मी दोरीचा आणखी एक वेढा हाताला घेतला आणि नीट बसलो.